काट्यावर आलं तेवढंच मोजलं

मे २०२०च्या शेवटच्या आठवड्यात मला दिवसभर एकाच कामासाठी फोन येत होते. "पंधरा जानेवारीला माझा किती मका बिनभावाचा पडून होता, तेवढं छापून दे."

मी आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका धान्य सहकारी संस्थेच्या काट्याचं आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, नळीने नमुना ओढून ओलावा बघतात, ट्रक रिकामा होऊन पुन्हा काट्यावर येतो आणि पावती निघते. माल आमच्या कोठारात गेला म्हणजे विकला गेला, असं नाही. भाव आजचा घ्यायचा की थांबायचं, हे शेतकरी ठरवतो. जो मका आला पण ज्याचा भाव ठरला नाही, तो बिनभावाचा. एरवी या आकड्यात बँकेशिवाय कुणालाच रस नसतो. त्या आठवड्यात मात्र तो आकडा म्हणजे थेट पैसा झाला होता.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाची गाडी किती टनाची, हे तेच लिहायचे. हंगामात रात्रपाळी करून आले की अंगाला मळीचा वास यायचा. तेव्हा कधी वाटलं नव्हतं की आपणही शेवटी काट्याशीच येऊन थांबू. अमेरिकेने कोरोनाकाळात शेतीला दिलेल्या मदतीबद्दल माझं जे मत झालं, तेही या काट्यापाशीच झालं. ही मदत नुकसान झालेल्यांना मिळाली, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या नावाची पावती निघते त्यांना ती मिळाली. पावती आणि नुकसान या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आधी योजना काय होती ते सांगतो. १७ एप्रिल २०२० रोजी तेव्हाचे कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरची घोषणा केली. त्यातले १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या खात्यात आणि ३ अब्ज अन्न विकत घेऊन गरजूंना वाटायला. नाव होतं कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम. इथे सगळे 'सी-फॅप' म्हणतात. २६ मेपासून अर्ज घेणं सुरू झालं आणि जूनमध्ये पैसे यायलाही लागले. सप्टेंबरमध्ये दुसरा सी-फॅप आला, १४ अब्जांपर्यंतचा. २०२१च्या वसंतात त्यावर आणखी वाढीव हप्ता. व्यापारयुद्धाची भरपाई म्हणून २०१८ आणि २०१९मध्ये २३ अब्ज डॉलर वाटून झाले होते, ते वेगळेच. २०२० या एका वर्षात अमेरिकी शेतीला सरकारकडून सगळ्या योजना मिळून सुमारे ४५ अब्ज डॉलर थेट मिळाले. तोवरचा तो विक्रम होता. त्या वर्षीच्या निव्वळ शेती उत्पन्नात एक तृतीयांशाहून जास्त वाटा या पैशाचा होता.

मी ज्या कौंटीबद्दल बोलतोय ती ब्यूना व्हिस्टा. कौंटीला आपण जिल्हा म्हणतो खरं, पण ही आकाराने आपल्या एखाद्या तालुक्याएवढी, ५७५ चौरस मैलांची. लोकसंख्या २१ हजारांच्या आत. त्यातले निम्म्याहून अधिक लोक स्टॉर्म लेक या गावात राहतात. गावात टायसन कंपनीचा डुकराच्या मांसाचा कारखाना आहे, शिवाय टर्की पक्ष्याच्या मांसाचा. गावाबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन, मधून मधून डुकरांच्या लांबलचक शेडा. शेतावर बहुतेक गोरी, तीन-चार पिढ्यांची कुटुंबं. कारखान्याच्या लाइनवर मेक्सिको, ग्वातेमाला, लाओस आणि पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियाच्या बेटांवरून आलेली माणसं. शाळेत डझनावारी भाषा ऐकू येतात. एकाच कौंटीत दोन कौंट्या आहेत, आणि दोघींचं पोट एकाच डुकरावर चालतं.

आता पंधरा जानेवारीचं गणित. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचा भाव पाच टक्के किंवा त्याहून जास्त पडला, त्याला मदत, असं कृषिखात्याने ठरवलं. मक्यासाठी सूत्र असं: तुमच्या २०१९च्या उत्पादनाचा अर्धा भाग, किंवा पंधरा जानेवारीला बिनभावाचा असलेला साठा, यातलं जे कमी असेल ते धरायचं. त्यावर बुशेलमागे साडेतेहतीस सेंट. बुशेल म्हणजे ५६ पौंड, आपल्या हिशेबाने साडेपंचवीस किलोला थोडा कमी. हजार एकर मका, एकरी २०० बुशेल उतारा, आणि निम्मा माल अजून विकायचा बाकी असेल, तर ३३,५०० डॉलर. सुरुवातीला त्यातले ८० टक्के, उरलेले नंतर.

ज्याने शरदातच, कापणी झाल्या झाल्या सगळा मका विकून टाकला होता, त्याला शून्य.

सूत्रापुरतं हे बरोबर आहे. जानेवारीत ज्याच्याकडे मका नव्हताच, त्याचं एप्रिलपर्यंत भाव पडल्याने काय बिघडलं? पण खळ्यावरच माल विकून मोकळं कोण होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही सोयाबीनवाल्याला विचारा. ज्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता आहे, ज्याची स्वतःची कोठारं नाहीत, ज्याला नोव्हेंबरात खंडाचा दुसरा हप्ता चुकवायचा आहे, तो. थांबू शकतो तो, ज्याच्या घरामागे चार चकचकीत कोठारं उभी आहेत. मला फोन करणाऱ्यांमध्ये कोण होते आणि कोण नव्हते, ते मला पडद्यावर दिसत होतं. एका तरुण शेतकऱ्याने फोन केला तेव्हा मी त्याचं खातं उघडलं. पंधरा जानेवारीच्या ओळीत शून्य. "ठीक आहे, मला वाटलंच होतं," म्हणाला आणि त्याने विषय हवामानावर नेला. इथले लोक अवघड बोलणं हवामानावर नेऊन सोडतात.

बरं, ज्याच्याकडे बिनभावाचा मका होता त्याचं तरी नुकसान झालं का? उन्हाळ्यात भाव तीन डॉलरच्या आसपास घुटमळत होते, तेव्हा झालं असं वाटत होतं. मग चीनची खरेदी वाढली, ऑगस्टमध्ये वादळाने आयोवाचा मका लोळवला, आणि २०२० संपताना वायदेबाजारात मका पावणेपाच डॉलरच्या वर गेला. मे २०२१मध्ये सात डॉलरच्याही पुढे. ज्याने धीर धरून कोठार बंदच ठेवलं, त्याने त्याच दाण्यावर एप्रिलच्या पडलेल्या भावाची भरपाईही घेतली आणि डिसेंबरचा चढा भावही. यात त्याने काही लबाडी केली नाही, नियमच तसा होता. पण नियम लिहिणाऱ्यांनी 'भाव परत चढला तर काय' हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही.

उलट पुढे काय झालं बघा. डिसेंबर २०२०मध्ये संसदेने एकरी २० डॉलरच्या वाढीव हप्त्याला मंजुरी दिली. मधे सरकार बदललं. नवे कृषिमंत्री टॉम व्हिल्सॅक, जे याच आयोवाचे दोनदा गव्हर्नर होते, त्यांनी मार्च २०२१मध्ये तो मोकळा केला. साडेचार अब्ज डॉलरहून जास्त, ५ लाख ६० हजार उत्पादकांना. त्यासाठी नवा अर्जसुद्धा करायचा नव्हता. दुसऱ्या सी-फॅपमध्ये एकर नोंदवलेले होते, त्यावरून पैसे आपोआप जमा. त्या एप्रिलमध्ये मक्याला कित्येक वर्षांतला सर्वांत चांगला भाव मिळत होता. आमच्या काट्यावर एक म्हातारा ड्रायव्हर पावतीची वाट बघत हसत म्हणाला होता, "कोविडचा पैसा आला. आता मला फक्त कोविड व्हायचा राहिलाय."

इथे दुसरी बाजू नीट मांडायला हवी, कारण ती कमकुवत नाही. एप्रिल २०२०मध्ये घबराट खरी होती. शाळा-हॉटेलं बंद झाल्याने विस्कॉन्सिनमध्ये दूध खड्ड्यात ओततानाचे फोटो आले. गाड्या थांबल्या, पेट्रोल खपेना, म्हणून मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलचे कारखाने बंद पडू लागले. सू फॉल्सच्या मोठ्या मांस कारखान्यापाठोपाठ वॉटर्लू, वर्दिंग्टन असे एकेक बंद झाले आणि तयार डुकरं न्यायला कुणी येईना. डुकराचं वेळापत्रक थांबवता येत नाही. मागची पिल्लं येऊन उभी असतात, पुढच्यांचं वजन रोज वाढत असतं. आयोवा आणि मिनेसोटात शेतकऱ्यांना निरोगी जनावरं मारून पुरावी लागली. ज्याने आयुष्यभर जनावर सांभाळलं, त्याला ते करताना बघणं वाईट होतं. त्याबद्दल इथे अजूनही कुणी मोकळेपणी बोलत नाही. अशा वेळी काटेकोर पंचनामे करत बसायचं, की ढोबळ मापाने पैसे लवकर पोचवायचे? लवकर पोचवायचे, हेच उत्तर आहे. आणि कृषिखात्याने ते करून दाखवलं.

त्याचं श्रेय जातं कौंटीच्या ऑफिसला. फार्म सर्व्हिस एजन्सीचं ऑफिस जवळजवळ प्रत्येक कौंटीत असतं आणि त्यावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली कौंटी कमिटी देखरेख करते. दरवर्षी १५ जुलैपर्यंत शेतकरी तिथे जाऊन कुठल्या तुकड्यात काय पेरलं ते नोंदवतो. सातबारा आणि ई-पीक पाहणी एकत्र केली आणि तलाठ्याऐवजी ओळखीची बाई खिडकीत बसवली, तर जे होईल ते हे ऑफिस. त्या वर्षी दार बंद होतं, फोनवर वेळ घेऊन काम चालायचं, कागद दाराबाहेरच्या पेटीत टाकायचे. तरीही हजारो अर्ज त्या तीन-चार बायकांनी काही आठवड्यांत मार्गी लावले. अशी यंत्रणा आपल्याकडे असती, तर असं मला तेव्हा खूपदा वाटलं.

पण यंत्रणा चांगली असली तरी तिला तिच्या वहीबाहेरचं दिसत नाही. त्या ऑफिसच्या वहीत एकर आहेत, बुशेल आहेत, जनावरांची डोकी आहेत आणि त्यांचे मालक आहेत. मदतीचं माप ठरवताना वॉशिंग्टनने तीच वही उघडली. जो तिच्यात नव्हता, तो मदतीतही नव्हता.

सगळ्यात आधी आठवतो करारावर डुकरं वाढवणारा. आपल्याकडे कंपनीच्या करारावर कोंबड्या पाळणारे जसे असतात, तसाच. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं; शेड, वीजबिल, कर्ज आणि पहाटे चारचं उठणं आपलं. आयोवात माणसांच्या सातपटीहून जास्त डुकरं आहेत, आणि त्यातली मोठी संख्या अशी दुसऱ्याच्या मालकीची आहे. पहिल्या सी-फॅपमध्ये डुकराची मदत डुकराच्या मालकाला होती. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत विकलेल्या मोठ्या डुकरामागे १८ डॉलर, लहानामागे २८, आणि नंतरच्या साठ्यावर १७. चोवीसशे डुकरांची शेड बांधून तिच्यात लाखो पावलं चालणाऱ्या माणसाच्या मालकीचं एकही डुक्कर नव्हतं. कारखाने मंदावल्यावर ज्यांच्या शेडा रिकाम्या राहिल्या, त्यांच्यासाठी वेगळी तरतूद झाली ती डिसेंबरच्या कायद्यात. तिचे नियम पक्के झाले ते २०२१च्या उन्हाळ्याच्या शेवटी. त्यात मात्र २०२०चं उत्पन्न आधीच्या वर्षाशी ताडून, खरोखर घटलेल्या रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत द्यायचं ठरलं. म्हणजे नुकसान मोजता येत होतं. ज्याला उशिरा द्यायचं, त्याचंच मोजलं. ज्याला आधी द्यायचं, त्याची फक्त मालकी मोजली.

आणि मग लाइनवरची माणसं. मेच्या शेवटी, म्हणजे माझा फोन खणखणत होता त्याच आठवड्यात, स्टॉर्म लेकच्या कारखान्यात पाचशेहून जास्त कामगारांना लागण झाल्याचं राज्याच्या आरोग्य विभागाने जाहीर केलं. तपासलेल्यांपैकी दर पाचात एकाहून जास्त. एप्रिलच्या २८ तारखेला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी संरक्षण उत्पादन कायद्याचा आधार घेऊन मांस कारखाने चालू राहावेत असा आदेश काढला होता. माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत होती, मधे प्लॅस्टिकचे पडदे लावले होते. डुक्कर पुढे सरकत राहावं म्हणून ती उभी होती. डुकरं सरकली नसती तर शेतकऱ्याचं नुकसान किती वाढलं असतं, हे इथला प्रत्येक शेतकरी जाणतो आणि खासगीत कबूलही करतो.

लाइनवरच्या माणसांना काय मिळालं? सगळ्या देशाला मिळाले तसे प्रौढ माणशी १,२०० डॉलर. तेही सगळ्यांना नाही. नवरा-बायकोपैकी एकाकडे जरी सोशल सिक्युरिटी क्रमांक नसेल आणि कर एकत्र भरला असेल, तर मूळ कायद्याप्रमाणे दोघांनाही काही नाही. ही अट डिसेंबरात सैल झाली. बेकारांना जुलैअखेरपर्यंत आठवड्याला ६०० डॉलर जास्तीचे मिळत होते, पण लाइनवर उभा असलेला माणूस बेकार नव्हता. तो तर 'अत्यावश्यक' होता. थेट त्यांच्या नावाने मदत जाहीर झाली ती सप्टेंबर २०२१मध्ये: शेतमजूर आणि मांस कारखान्यातल्या कामगारांना एकदाच, माणशी ६०० डॉलर. तेही कौंटीच्या ऑफिसमधून नाही. संघटना आणि धर्मादाय संस्थांमार्फत, त्यांनी निधीसाठी अर्ज केल्यावर, आणि कामगाराने त्यांच्याकडे अर्ज केल्यावर.

हा आकडा मी कागदावर मांडून बघितला. पहिल्या सी-फॅपमध्ये कत्तलीसाठी तयार केलेल्या, त्या तीन महिन्यांत विकलेल्या गोऱ्ह्यामागे २१४ डॉलर होते. तीन गोऱ्ह्यांचे ६४२. म्हणजे साथीत कारखान्यात उभ्या राहिलेल्या माणसाची किंमत तीन गोऱ्ह्यांपेक्षा बेचाळीस डॉलरने कमी, आणि ती जाहीर करायलाच सव्वा वर्ष उशीर.

कुणी म्हणेल, जनावराची नोंद असते, कामगाराची कुठे असते? हे कारण मला अजिबात मान्य नाही. कामगाराचा पगार दर आठवड्याला निघतो, त्यातून कर कापला जातो, वर्षाला फॉर्म निघतो. साथीतल्याच पगाररक्षण योजनेत सरकारने धंदेवाल्यांना जे माफ होणारं कर्ज दिलं, त्याचं माप पगाराच्या यादीवरूनच काढलं होतं. एकट्याने शेती करणाऱ्यालाही त्यातून २०,८३३ डॉलरपर्यंत घेता येत होते, सी-फॅपच्या वर. म्हणजे पगाराची यादी सरकारला वाचता येत होती. ती वाचून पैसे मालकाच्या हातात ठेवता येत होते. कामगाराच्या हातात ठेवायचं म्हटलं की मात्र यादी सापडत नव्हती.

इथे मला वडिलांचा काटा आठवतो. कारखान्याच्या वहीत उसाचा किलो न् किलो होता, गाडीवानाचं नाव होतं, मुकादमाची उचल होती. ऊस तोडणाऱ्यांची नोंद 'कोयता' म्हणून. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक. एप्रिल २०२०मध्ये लाखाहून जास्त ऊसतोड कामगार कारखान्यांच्या आवारात अडकून पडले, तेव्हा कुठल्या तळावर किती माणसं, किती पोरं, हे शोधायलाच सरकारला धावपळ करावी लागली. ऊस किती गाळला, हे मात्र क्विंटलपर्यंत माहीत होतं. त्याच एप्रिलमध्ये केंद्राने पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता लवकर सोडला. तो ज्याच्या नावावर सातबारा त्याला. बटईने करणाऱ्याला नाही, मजुराला नाही. तरी एक गोष्ट आपल्या योजनेच्या बाजूने आहे: दोन एकरवाल्याला आणि वीस एकरवाल्याला हप्ता सारखाच. अमेरिकेने मात्र एकराला आणि डोक्याला पैसे दिले. साहजिकच जिथे एकर जास्त, तिथे पैसे जास्त.

त्यावर कमाल मर्यादा होती, नाही असं नाही. माणशी अडीच लाख डॉलर. पण शेती कंपनीच्या किंवा भागीदारीच्या नावावर असेल आणि त्यातले तीन भागीदार वर्षाला चारशे तास श्रम किंवा 'व्यवस्थापन' करत असतील, तर साडेसात लाखांपर्यंत. दुसऱ्या सी-फॅपसाठी पुन्हा नव्याने तेवढेच. चारशे तास म्हणजे आठवड्याला आठ तासांच्याही आत. फोनवर भाव विचारणं हेही व्यवस्थापनच. लाइनवरचा कामगार चारशे तास दहा आठवड्यांत भरतो. एका मोठ्या शेतकऱ्याच्या लेकीने, जी शिकागोत राहते, एकदा हसत हसत मला सांगितलं होतं, "मी पण शेतकरी आहे, दर रविवारी रात्री." कुणाला किती मिळाले, हे सार्वजनिक असतं, नावासकट यादी कुणालाही बघता येते. कौंटीतल्या प्रत्येकाने ती बघितली आहे आणि बघितल्याचं कुणीच कबूल करत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर कुणी विचारेल, शेतकऱ्याला मिळाले तर तुझं काय गेलं? पैसा शेवटी गावातच फिरला ना? ट्रॅक्टरच्या दुकानात गेला, बियाणंवाल्याकडे गेला. काही गेला, खरं आहे. पण एकरावर दिलेला पैसा शेवटी कुठे जाऊन बसतो, हे आयोवाच्या जमिनीने दाखवून दिलं. इथली निम्म्याहून अधिक शेतजमीन कसणारा एक आणि मालक दुसरा अशी आहे. २०१७च्या पाहणीत साठ टक्के जमीन पासष्टी ओलांडलेल्यांच्या नावावर होती. त्यात कित्येक विधवा आहेत, कित्येक ॲरिझोनात राहायला गेलेले निवृत्त. मदत कसणाऱ्याला मिळते, आणि हे आपल्यापेक्षा चांगलंच आहे. पण करार संपवायचा तर १ सप्टेंबरच्या आत नोटीस द्यावी लागते, आणि ऑगस्टमध्ये जमीनमालकालाही ठाऊक असतं की एकरी किती आले. शेजारचा मोठा शेतकरी, ज्याच्या खात्यात सहा आकडी मदत पडली आहे, एकरी तीस डॉलर जास्त द्यायला तयार असतो. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीनुसार राज्यातला सरासरी खंड २०२०मध्ये एकरी २२२ डॉलर होता, २०२२मध्ये २५६ झाला. जमिनीचा सरासरी भाव नोव्हेंबर २०२०मध्ये ७,५५९ डॉलर होता. वर्षभरात ९,७५१ झाला, त्याच्या पुढच्या वर्षी ११,४११. दोन वर्षांत दीडपट.

हे सगळं मदतीमुळेच झालं, असं मी म्हणत नाही. व्याजदर तळाला होते, मका-सोयाबीन चढलं होतं. पण २०२०मध्ये, भाव अजून पुरते चढले नव्हते तेव्हा, जमीन पडण्याऐवजी थोडी का होईना वर गेली. त्याची कारणं सांगताना विद्यापीठाने सरकारी मदतीचं नावही घेतलं होतं. आणि ज्या तरुणाच्या ओळीत मला शून्य दिसलं होतं, त्याची खंडाची ऐंशी एकर त्या हंगामानंतर गेली. आमच्या यादीत त्याच जमिनीचा मका आता दुसऱ्या खात्यावर येतो. मोठं खातं आहे. पंधरा जानेवारीच्या ओळीत त्याचा आकडा भरपूर होता.

मला विचाराल तर पहिला हप्ता जसा दिला तसा देणं माफ आहे. आग लागली की बादली मोजून पाणी टाकत नाहीत. पण दुसऱ्या हप्त्यापर्यंत सरकारकडे पाच महिने होते, तिसऱ्यापर्यंत जवळजवळ वर्ष. तोवर प्रत्येकाच्या विक्रीच्या पावत्या होत्या. माझ्याच सर्व्हरवर होत्या. पुढचा हप्ता प्रत्यक्ष विक्रीच्या भावावर द्यायचा, भाव सावरला तर थांबवायचा. मर्यादा हाडामासाच्या माणसावर ठेवायची, कागदावरच्या भागीदारावर नाही. आणि जनावराच्या किंवा पिकाच्या नावाने पैसे सोडताना त्याच कायद्यात, त्याच दिवशी, त्याच साखळीतल्या पगाराच्या यादीवर पैसे सोडायचे. यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. अवघड होतं ते हे की कौंटी कमिटीच्या निवडणुकीत मत शेतकऱ्याला आहे, लाइनवरच्या माणसाला नाही. आणि त्यांच्यातल्या कित्येकांना तर कुठल्याच निवडणुकीत नाही.

कोरोना संपला, पण माप तेच राहिलं. डिसेंबर २०२४मध्ये संसदेने पडलेल्या भावांसाठी १० अब्ज डॉलर मंजूर केले. मार्च २०२५मध्ये दर जाहीर झाले: मक्याला एकरी ४२.९१ डॉलर, सोयाबीनला २९.७६. या वेळी कौंटीच्या ऑफिसने अर्ज आधीच भरून पोस्टाने पाठवले. नाव, एकर, पीक, सगळं छापलेलं. शेतकऱ्याने फक्त सही करायची. मला फोनसुद्धा आले नाहीत. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, स्टॉर्म लेकहून सुमारे दोन तासांवरच्या पेरी गावातला टायसनचा डुकराचा कारखाना कायमचा बंद झाला, सुमारे १,३०० माणसांसकट. आठ हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. त्यांच्या घरी आधीच भरलेला कुठलाच अर्ज पोस्टाने आला नाही.